‘किती टक्क्यांवर आहात, सर?’ : टप्पा अनुदानाचं गणित आणि शिक्षकांचा लढा

मराठवाड्यात सोयरीक बघताना मुलगा शिक्षक आहे म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो. “अनुदानित का विना?” उत्तर ‘अंशतः’ असं आलं की त्याच्या मागोमाग, “मग किती टक्क्यांवर हायत?” वीस, चाळीस, साठ, ऐंशी. मुलीच्या मामांना या आकड्यांचा अर्थ तोंडपाठ असतो.

पेपर वाचणाऱ्या इतरांचा मात्र इथेच गोंधळ होतो. जुलै २०२५ मध्ये ऐन पावसाळ्यात राज्यभरातले शिक्षक मुंबईच्या आझाद मैदानावर जमले. बातम्यांत ‘वीस टक्के टप्पावाढ’ असं छापून येत होतं. झालं, गावोगावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सुरू: आमच्या सोयाबीनला भाव नाही आणि यांना एका फटक्यात वीस टक्के पगारवाढ पाहिजे!

ती पगारवाढ नव्हतीच. नियमाने जो पगार ठरलेला आहे, त्यातला आणखी एक पाचवा हिस्सा आम्हाला द्या, अशी ती मागणी होती. म्हणजे ज्यांना ठरलेला पगार पूर्ण मिळत नव्हता, ते पूर्ण पगाराकडे एक पायरी वर चढू पाहत होते. ही पायऱ्यांची भानगड काय आहे आणि शासनाचा निर्णय निघूनही लोकांना मैदानात का बसावं लागलं, हे जरा नीट उलगडून पाहू.

एकाच गावात चार तऱ्हेचे शिक्षक

तालुक्याच्या कुठल्याही मोठ्या गावात जा. जिल्हा परिषदेची प्राथमिक शाळा असते. तिथले गुरुजी आणि बाई यांचा पगार जिल्हा परिषदेमार्फत सरकार देतं. मग एखाद्या जुन्या संस्थेचं हायस्कूल असतं. ते खासगी संस्थेचं असलं तरी शंभर टक्के अनुदानित, म्हणजे तिथल्या मान्य पदांचा सगळा पगार सरकारी तिजोरीतून होतो. गावाच्या दुसऱ्या टोकाला २००० नंतर निघालेली एक शाळा असते, पत्र्याची किंवा अर्धवट स्लॅबची. ती अंशतः अनुदानित, नाहीतर अजून पूर्ण विनाअनुदानित. आणि रस्त्यावर पिवळ्या बस उभ्या असलेली इंग्रजी शाळा असते ती स्वयंअर्थसहाय्यित. २०१२ च्या कायद्याने निघालेली, फीवर चालणारी, सरकारकडे अनुदान न मागणारी.

या लेखाचा संबंध फक्त त्या तिसऱ्या शाळेशी आहे. तिथे शिकवणाऱ्याची पदवी तीच, पुस्तकं तीच, दहावीचं बोर्ड तेच. पगार तेवढा वेगळा.

अनुदान म्हणजे सरकारने संस्थेला पगारापोटी दिलेली रक्कम. ‘टप्पा अनुदान’ म्हणजे ते एकदम न देता वीस-वीस टक्क्यांनी देणं. एवढी दोन नावं लक्षात ठेवली की पुरे.

वीस टक्के म्हणजे हातात किती?

आकडा मांडूनच बघू. सातव्या वेतन आयोगात माध्यमिकच्या बी.एड. शिक्षकाचं सुरुवातीचं मूळ वेतन ३८,६०० रुपये आहे. महागाई भत्ता ५५ टक्के धरला तर २१,२३० रुपये. घरभाडं वगैरे बाजूला ठेवलं तरी बेरीज ५९,८३० होते. याचे वीस टक्के म्हणजे ११,९६६ रुपये. चाळीस टक्क्यांवरच्या सरांना २३,९३२, साठवर असलेल्यांना ३५,८९८.

आता याच्या शेजारी दुसरा आकडा ठेवा. पूर्ण पगार सुरू होण्याआधी नवीन शिक्षकाला तीन वर्षं ‘शिक्षणसेवक’ म्हणून मानधनावर काढावी लागतात. जानेवारी २०२३ पासून हे मानधन प्राथमिकला १६ हजार, माध्यमिकला १८ हजार आणि उच्च माध्यमिकला २० हजार आहे. म्हणजे काल लागलेला पोरगा मानधनावर १८ हजार घेतो आणि डोक्याचे केस पांढरे झालेले वीस टक्क्यांवरचे सर १२ हजार. तेही ज्या महिन्यात पगार होईल त्या महिन्यात.

मग घर कसं चालतं? ज्याच्याकडे कोरडवाहू का होईना चार एकर आहे, तो सोयाबीन-तूर करतो. लातूर-नांदेडकडे शिकवण्यांचा धंदा मोठा, तिथे कुणी सकाळी सहा ते नऊ क्लासवर शिकवून मग शाळेत येतं. आठवडी बाजारात कापडाचं दुकान लावणारे सर मी स्वतः पाहिलेत. समोर विद्यार्थ्याची आई आली की ते भाव करत नाहीत. ती म्हणेल तेवढ्यालाच देऊन टाकतात.

हे ‘कायम विनाअनुदानित’ आलं कुठून?

मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. शाळा मोजक्या, माध्यमिक तर बोटावर मोजण्याएवढ्या. पुढे गावोगाव हायस्कुलं निघाली ती बहुतेक खासगी संस्थांनी काढली आणि सरकारने अनुदान देऊन चालवली. जुनी रीत अशी होती की पहिली काही वर्षं संस्थेने स्वतःच्या बळावर शाळा चालवायची आणि त्यानंतर दरवर्षी वीस टक्क्यांनी अनुदान वाढत जाऊन शाळा शंभर टक्क्यांवर यायची. त्या काळी कळ काढणारा शिक्षक काही वर्षांत मोकळा होत असे. ‘थोडे दिवस काढ, शाळा शंभरावर येईल’ हा सल्ला तेव्हा खरा होता.

खर्च वाढत गेला. नोव्हेंबर २००१ मध्ये सरकारने धोरण बदललं आणि यापुढे नव्या शाळा ‘कायम विनाअनुदान’ तत्त्वावर असं ठरलं. म्हणजे अनुदान कधीच मागायचं नाही. गंमत अशी की अनुदान बंद झालं तरी परवानग्या काही थांबल्या नाहीत, उलट सैल झाल्या. सरकारला त्यात पैसा द्यायचा नव्हता, त्यामुळे हात आखडायचं कारणच उरलं नाही. आमदाराचं पत्र, पुढाऱ्याची संस्था, की शाळा मंजूर. त्याच काळात डी.एड., बी.एड. कॉलेजांचंही पेव फुटलेलं. पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्या पोरांसमोर हीच दारं उघडी होती.

मग आंदोलनं झाली. जुलै २००९ मध्ये सरकारने ‘कायम’ हा शब्द काढला, म्हणजे या शाळांना अनुदानाची वाट मोकळी झाली. नोव्हेंबर २०११ मध्ये निकष ठरले. त्यांनुसार शाळांचं मूल्यांकन, मग पात्र शाळांची घोषणा, मग त्रुटी, मग त्रुटींची पूर्तता. प्रत्यक्ष पैसा यायला सप्टेंबर २०१६ उजाडावा लागला. आणि तेव्हा मिळाले ते वीस टक्के. जुनी, दरवर्षी आपोआप वाढण्याची रीत मात्र सोबत आली नाही. पुढच्या प्रत्येक वीस टक्क्यांसाठी नवा निर्णय घ्यायचा, असं होऊन बसलं.

त्या निर्णयानंतर पंधरा-वीस दिवसांतच, ऑक्टोबर २०१६ मध्ये, राज्य मंत्रिमंडळाची बैठक औरंगाबादला झाली. तेव्हा शहराचं नाव अजून तेच होतं. त्या दिवशी विनाअनुदानित शिक्षकांचा मोर्चा निघाला, दगडफेक झाली, पोलिसांचा लाठीमार झाला. वीस टक्के हातात पडूनही हे लोक रस्त्यावर का, हा प्रश्न तेव्हाही बऱ्याच जणांना पडला होता. त्याचं उत्तर पुढच्या वर्षांनी दिलं. २०१६ ला वीस टक्क्यांवर आलेल्या पहिल्या तुकडीतल्या शाळांना दुसरा टप्पा २०२१ च्या निर्णयाने, तिसरा २०२३ च्या, चौथा २०२५ मध्ये. जुन्या रीतीने या शाळा २०२० सालीच शंभरावर पोचल्या असत्या. म्हणूनच संघटनांच्या निवेदनात ‘प्रचलित धोरणानुसार अनुदान’ असं वाक्य पुन्हा पुन्हा दिसतं. त्याचा अर्थ एवढाच, की दरवर्षी आम्हाला मैदानात बसवू नका, टप्पा आपोआप वाढू द्या.

शासन निर्णय निघाला, मग पगार का नाही?

लोकांना सगळ्यात जास्त चक्रावणारी गोष्ट हीच. १४ ऑक्टोबर २०२४ ला वाढीव टप्प्याचा शासन निर्णय, म्हणजे जीआर, निघाला. दुसऱ्याच दिवशी विधानसभा निवडणूक जाहीर होऊन आचारसंहिता लागली. गुलाल उधळला गेला, पेढे वाटले गेले. आणि जुलै २०२५ मध्ये हेच शिक्षक आझाद मैदानावर. निर्णय हातात असताना!

जायकवाडीच्या डाव्या कालव्यावर ज्याचं शेत आहे, त्याला हे सांगायची गरज नाही. पैठणला आवर्तन सुटल्याची बातमी येते. पाणी मुख्य कालव्यातून वितरिकेत, तिथून चारीत, चारीतून पोटचारीत यावं लागतं. प्रत्येक ठिकाणी एक दार आहे आणि त्या दाराची चावी दुसऱ्याच कुणाकडे. परभणीकडचा टेलचा शेतकरी बातमी वाचून मोटार जोडत नाही. पोटचारी ओली झाली का, ते आधी बघतो.

पगाराचंही तसंच. जीआर म्हणजे आवर्तनाची घोषणा. त्यानंतर अर्थसंकल्पात किंवा पुरवणी मागण्यांत पैशाची तरतूद व्हावी लागते. पुरवणी मागणी म्हणजे बजेट मंजूर झाल्यावर, वर्ष चालू असताना, सरकारने विधिमंडळाकडे मागितलेला जादा पैसा. ऑक्टोबर २०२४ च्या निर्णयाचं घोडं इथेच अडलं: निर्णय होता, तरतूद नव्हती. पुढची दोन अधिवेशनं आली आणि गेली.

तरतूद झाली तरी काम संपत नाही. वित्त विभागाने निधी सोडायला हवा. तो संगणकावरच्या ‘बीडीएस’ या निधी वाटपाच्या प्रणालीतून जिल्ह्याच्या नावावर दिसायला हवा. जिल्ह्याला शिक्षकांच्या पगारासाठी वेतन पथक नावाचं वेगळं कार्यालय असतं. शाळेच्या मुख्याध्यापकांनी ‘शालार्थ’ या ऑनलाइन प्रणालीत बिल भरायचं, पथकाने तपासायचं, कोषागारातून मंजुरी घ्यायची, मग बँक. शालार्थमध्ये नाव येण्यासाठी शिक्षकाला आयडी लागतो. तो विभागीय उपसंचालक कार्यालयातून मिळतो. बीड, जालना, परभणी, हिंगोलीवाल्यांनी त्यासाठी छत्रपती संभाजीनगर गाठायचं, नांदेड आणि धाराशिववाल्यांनी लातूर. आयडी मिळण्याआधी त्या शिक्षकाच्या नेमणुकीला शिक्षणाधिकाऱ्याची वैयक्तिक मान्यता लागते. वैयक्तिक मान्यतेसाठी ते पद संचमान्यतेत असावं लागतं. संचमान्यता म्हणजे पटावरच्या मुलांच्या संख्येवरून शाळेला किती शिक्षक मंजूर, याचा वार्षिक हिशेब.

यातल्या कुठल्याही दाराशी फाइल थांबू शकते, आणि थांबते. ‘साहेब मीटिंगला गेलेत’, ‘साइट चालत नाही’, ‘त्रुटी निघाली, पुन्हा सादर करा’ ही वाक्यं ज्यांनी ऐकलीत त्यांना पुढचं सांगायला नको. दार उघडायला काही ठिकाणी काय लागतं हेही सगळ्यांना ठाऊक असतं, फक्त अर्जात लिहिता येत नाही.

जुलैच्या आंदोलनानंतर मात्र सरकार हललं. सुमारे ९७० कोटी रुपयांच्या वार्षिक खर्चाला मंजुरी मिळाली. त्याआधी फेब्रुवारी २०२३ चा टप्पा ११६० कोटींचा होता. म्हणजे दोन्ही वेळा मागणी नवी नव्हती. दार उघडून घेण्यासाठी बसावं लागलं.

ऊसतोडीला गेलेली पोरं आणि सरांचा पगार

मराठवाड्यापुरती एक गोष्ट इथे सांगायला हवी, कारण मुंबईत बसून ती दिसत नाही.

संचमान्यतेसाठी ३० सप्टेंबरचा पट धरला जातो. मुलांची नोंद ऑनलाइन, आधार जुळलेलं असलं पाहिजे. बीड, जालना, परभणीच्या ऊसतोड पट्ट्यात ३० सप्टेंबरला वर्ग भरलेला असतो. दसरा-दिवाळीनंतर टोळ्या निघतात आणि आईबापाबरोबर पोरंही पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात. धाकट्या भावंडाला कोपीवर, म्हणजे तोडीवरच्या झोपडीत, सांभाळायला थोरली बहीण हवीच असते. ती गावात राहावीत म्हणून हंगामी वसतिगृहं चालवली जातात, पण सगळी थोडीच राहतात? डिसेंबरात कुणी अधिकारी तपासणीला आला की पटावर चाळीस आणि वर्गात बावीस, असं चित्र दिसू शकतं. शेरा पडतो: ‘उपस्थिती असमाधानकारक’. आधारवर नावाचं स्पेलिंग चुकलेलं पोरगं तर हजर असूनही मोजलं जात नाही.

मग हेच सर दिवाळीच्या सुटीत टोळीच्या मुकादमाला भेटतात, आजीला गळ घालतात, “एवढी पोरगी ठेवून घ्या.” यात शिक्षणाची तळमळ किती आणि पद वाचवायची धडपड किती, हे वेगळं काढता येणार नाही. मला विचाराल तर काढायची गरजही नाही; पोरगी शाळेत राहते.

मूल्यांकनाची अशीच एक फाइल मी पाहिली आहे. इमारतीचा नकाशा, क्रीडांगणाचा करार, ग्रंथालयाची पुस्तकयादी, प्रयोगशाळेतल्या परीक्षानळ्यांची संख्या. आणि मुलींच्या स्वच्छतागृहातल्या नळाला पाणी येत असल्याचा रंगीत फोटो. फोटोखाली तारीख एप्रिलची. त्या महिन्यात गावालाच टँकरने पाणी येत होतं. वरची टाकी त्या दिवशी शिक्षकांनी वर्गणी काढून भरली होती.

“पण विनाअनुदानित आहे हे माहीत असूनच गेले ना?”

हा आक्षेप पोकळ नाही. २००१ नंतरच्या शाळांत लागणाऱ्या पुष्कळ शिक्षकांना तशी कल्पना होती. अनुदान मागणार नाही असं संस्थांनीही सरकारला लिहून दिलं होतं. सही केलीस, आता रडतोस कशाला, असं कुणी म्हटलं तर त्यात तथ्य आहे.

पण दुसरी बाजूही बघा. ‘कायम’ शब्द सरकारनेच काढला. निकष सरकारनेच ठरवले, शाळा पात्र असल्याचं सरकारनेच जाहीर केलं. पात्र ठरवायचं आणि मग पाचवा हिस्सा देऊन थांबायचं, याला कुठल्या कराराचा आधार? शिवाय २०१२ पासून शिक्षकभरतीला अनेक वर्षं खीळ बसली होती. जिल्हा परिषदेत जागा निघत नव्हत्या, अनुदानित संस्थेत जागा निघाली तर तिचा ‘दर’ लाखांत. ज्याच्याकडे शेत विकण्याइतकंही नव्हतं त्याने कुठे जायचं होतं?

“पगार संस्थाचालकाने द्यावा, सरकारने का?”

इथे कायदा आक्षेप घेणाऱ्याच्या बाजूने आहे आणि शिक्षकाच्याही. खासगी शाळांतल्या कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींचा कायदा १९७७ चा, नियम १९८१ चे. त्यांनुसार मान्यताप्राप्त खासगी शाळेतल्या पात्र शिक्षकाला ठरलेली वेतनश्रेणी द्यायची आहे. सरकार चाळीस टक्के देत असेल तर उरलेले साठ संस्थेने द्यायचे.

व्यवहारात संस्था ते देत नाही. मराठी माध्यमाच्या खेड्यातल्या शाळेला फीचं उत्पन्न जवळपास नसतंच. ज्यांना फी परवडते ते पिवळ्या बसने जातात. हे झालं संस्थेचं खरं कारण. खोटंही एक आहे. नेमणुकीच्या वेळी ‘देणगी’ घेतलेली असते, आणि अनुदान आल्यावर बँक पासबुक कुणाकडे ठेवायचं, यावरही बोलणं झालेलं असतं.

मला संघटनांचा सगळ्यात जास्त राग येतो तो इथे. सरकारच्या विरोधात घसा फोडून घोषणा देणारे नेते संस्थाचालकाचं नाव आलं की गप्प. कारण उघड आहे. नोकरीचा आदेश संस्थेचा, सेवापुस्तक संस्थेच्या कपाटात, आणि संस्थेचा अध्यक्ष पुष्कळदा त्याच पक्षाचा पुढारी ज्याच्याकडे निवेदन न्यायचंय. सरकारकडे मागणं सुरक्षित आहे, मालकाकडे मागणं नाही.

“सरकारकडे पैसा कुठे आहे?”

राज्यावरचं कर्ज मार्च २०२६ अखेर नऊ लाख कोटींच्या वर जाईल असा अंदाज २०२५-२६ च्या अर्थसंकल्पातच मांडलेला होता. शिक्षकाचा टप्पा एकदा दिला की मागे घेता येत नाही, दर काही महिन्यांनी महागाई भत्त्याबरोबर तो वाढतो, आणि प्रत्येक नवा टप्पा पुढच्या टप्प्याची मागणी घेऊनच येतो. तेव्हा वित्त विभागाचा हात आखडलेला असणं समजू शकतं.

मात्र त्याच अर्थसंकल्पात लाडकी बहीण योजनेसाठी ३६ हजार कोटी ठेवलेले होते. बहिणींना दीड हजार देऊ नयेत असं मी म्हणत नाही. आमच्याकडे त्या दीड हजारावर किराणा भरला जातो. पण ३६ हजार कोटी ज्या वर्षी उभे राहतात त्या वर्षी ९७० कोटींना ‘पैसा नाही’ हे उत्तर पटत नाही. ‘हा खर्च आम्हाला पुढे ढकलता येतो’ हे उत्तर जास्त खरं आहे. लाभार्थी बहिणींची संख्या कोटींत आहे, हे शिक्षक काही हजारांत.

यात २०२५ च्या वसंतात नागपूरकडे उघड झालेल्या बनावट शालार्थ आयडीच्या घोटाळ्याची भर पडली. खोट्या नेमणुका दाखवून पगार उचलल्याचं प्रकरण, अधिकाऱ्यांना अटका. तपास व्हायलाच हवा. पण तेव्हापासून प्रत्येक खऱ्या फाइलवर जादा एक शेरा चढतो आणि वीस वर्षं शिकवणाऱ्यालाही आपण खरे असल्याचे पुरावे पुन्हा जोडावे लागतात.

“शाळा बंद ठेवून पोरांचं नुकसान कशाला?”

८ आणि ९ जुलै २०२५ ला शाळा बंदची हाक होती. दोन दिवस गेले, हे नुकसानच. पण ज्याच्याकडे संपाशिवाय फारशी हत्यारं नाहीत त्याने काय करायचं, हाही प्रश्न आहे. तसं शिक्षकांकडे आणखी दोन हत्यारं आहेत, आणि ती कशी चालतात हे कळलं की आंदोलनाच्या तारखांचा अर्थ लागतो.

पहिलं म्हणजे बोर्डाचे पेपर. बारावीच्या उत्तरपत्रिका तपासणीवर बहिष्कार टाकला की निकाल लांबणीवर पडायची भीती आणि सरकारला बोलणी करणं भाग. कनिष्ठ महाविद्यालयीन शिक्षकांनी फेब्रुवारी २०२३ मध्ये हेच केलं.

दुसरं म्हणजे मत. विधान परिषदेत शिक्षकांचे सात मतदारसंघ आहेत, त्यांतला एक मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांचा. मागची निवडणूक जानेवारी २०२३ मध्ये झाली आणि विक्रम काळे चौथ्यांदा निवडून आले. इथे मत फक्त माध्यमिक आणि त्यावरच्या शिक्षकांना असतं, आणि गेल्या सहा वर्षांत निदान तीन वर्षं शिकवलेलं असावं लागतं. जिल्हा परिषदेच्या प्राथमिक गुरुजींना मतच नाही. त्यामुळे या निवडणुकीच्या आधी विनाअनुदानित हायस्कूलवाल्यांना फार सन्मानाने ‘सर’ म्हटलं जातं.

आणि मोर्चे जुलै, डिसेंबर, मार्च याच महिन्यांत का? त्या वेळी अधिवेशन असतं. पुरवणी मागण्या अधिवेशनातच मंजूर होतात. डिसेंबरात नागपूरला थंडीत, जुलैत मुंबईला पावसात. मेमध्ये गावी सुटीवर असताना उपोषणाला बसून तिजोरीचं दार उघडत नाही.

संघटना इतक्या का, असंही लोक विचारतात. मराठवाडा शिक्षक संघ आहे, शिक्षक परिषद आहे, शिक्षक भारती आहे, प्राथमिकच्या वेगळ्या, आणि विनाअनुदानितांच्या लढ्यासाठी एकत्र आलेला शिक्षक समन्वय संघ. पूर्ण पगारवाल्याला जुनी पेन्शन हवी असते, वीस टक्केवाल्याला आधी पगार. मार्च २०२३ मध्ये जुन्या पेन्शनसाठी राज्यभर संप झाला तेव्हा दोघे शेजारी बसले होते, पण दोघांच्या डोळ्यांसमोर वेगळी गोष्ट होती.

आणि निवृत्तीनंतर?

पेन्शनचा उल्लेख आलाच आहे तर त्यातली मेख सांगतो. १ नोव्हेंबर २००५ पासून लागलेल्यांना जुनी पेन्शन नाही. पण त्याआधी लागलेले, तरीही त्या तारखेला शाळा शंभर टक्के अनुदानावर नसलेले, असे हजारो शिक्षक आहेत. नेमणूक आधीची, अनुदान नंतरचं. मग धरायची कुठली तारीख? शिक्षक म्हणतात नेमणुकीची, सरकार म्हणतं अनुदानाची. यावर वर्षानुवर्षं कोर्टात खेटे चालू आहेत.

समजा एक सर २००३ मध्ये सत्ताविसाव्या वर्षी लागले. शाळा उशिराच्या तुकडीत पात्र ठरली, म्हणून २०२३ मध्ये वीस टक्क्यांवर, २०२५ मध्ये चाळीसवर. आतापर्यंतच्या चालीने दर दोन वर्षांनी एक टप्पा धरला तर साठ होतील २०२७ ला, ऐंशी २०२९ ला आणि शंभर २०३१ ला. निवृत्ती अठ्ठावन्नाव्या वर्षी, म्हणजे २०३४ ला. एकतीस वर्षांच्या नोकरीत पूर्ण पगाराची तीन वर्षं. ती तीनही मिळायची तर मधल्या एकाही जीआरची तरतूद राहून जायला नको.